सहा अभयारण्ये, एक गाडी आणि वीस वॉट : गोव्यातील फिरत्या हॅम केंद्राचे अनुभव

म्हादईकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या दोन हिवाळ्यांत मी आणि माझी पत्नी आमच्या जुन्या गाडीने गोव्यातील सहाही अभयारण्यांत जाऊन आलो. तिच्याजवळ दुर्बीण आणि पक्ष्यांची वही होती. माझ्याजवळ वीस वॉटचा एक लहान रेडिओ संच, तारेचे भेंडोळे, दोन बांबू आणि बॅटरी. तिच्या वहीत किती पक्षी आले याचा हिशोब ती स्वतंत्रपणे लिहील. माझ्या वहीत जे आले, आणि जे यायला हवे असूनही आले नाही, ते येथे सविस्तर मांडतो. आपल्या भूमीला धरून या विषयावर मराठीत चर्चा व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांना हा छंद अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय, स्वतःच्या संचावरून इतर परवानाधारकांशी थेट संपर्क साधण्याचा छंद. आपल्याकडे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग’ परवाना देते. जनरल दर्जाच्या कॉल साइनची, म्हणजे केंद्राच्या ओळखचिन्हाची, सुरुवात व्हीयू२ अशी होते, तर रिस्ट्रिक्टेड दर्जाची व्हीयू३ अशी. परवान्यावर केंद्राचा पत्ता नोंदलेला असतो आणि त्या पत्त्याबाहेर किंवा वाहनातून केंद्र चालवण्यासंबंधी नियमांत वेगळ्या तरतुदी आहेत. त्या वाचून आणि त्यांप्रमाणे लेखी पूर्तता करूनच मी घराबाहेर संच नेला. जे कोणी हा धागा वाचून उत्साहाने निघतील, त्यांनीही सर्वप्रथम तेवढे करावे.

उद्यानांतून केंद्र चालवण्याच्या छंदाला ‘पार्क्स ऑन द एअर’ या नावाने जगभर एक रूप मिळाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला २०१६ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा तिथल्या ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ने वर्षभराचा उपक्रम चालवला होता, तो संपल्यावर त्याच कल्पनेतून हा कार्यक्रम उभा राहिला. नियम सोपा आहे. चालक आणि त्याची सर्व सामग्री यादीतील उद्यानाच्या हद्दीत असली पाहिजे आणि जागतिक प्रमाणवेळेच्या एका दिवसात किमान दहा संपर्क झाले पाहिजेत. गाडीत बसून केलेले संपर्क येथे चालतात. याउलट ‘समिट्स ऑन द एअर’ या डोंगरमाथ्यांच्या कार्यक्रमात वाहनातून केलेले काम ग्राह्य धरले जात नाही आणि तिथे चार संपर्क पुरतात. जागतिक प्रमाणवेळेचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. त्यामुळे दिवसा उजेडी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याचे सारे संपर्क एकाच दिवसात मोजले जातात, ही आपली मोठी सोय आहे. अमेरिकेतल्या मंडळींचा दिवस ऐन संध्याकाळी, गाडीत बसल्या बसल्या उलटतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घराच्या गच्चीवर मोठा अँटेना असताना जंगलात वीस वॉट घेऊन का जायचे, असा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर आहे गोंगाट. पणजीतील आमच्या इमारतीत ७ मेगाहर्ट्झवर आवाजाची ताकद दाखवणारी संचाची सुई काही न ऐकताच एस-७ वर उभी असते. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट आणि वायफायची उपकरणे मिळून हा खरखराट तयार करतात. मोलेजवळ रस्त्यापासून आत, इंजिन बंद करून संच सुरू केला तेव्हा तीच सुई एस-२ च्या खाली होती. एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल, म्हणजे शक्तीत चौपट फरक. पाच युनिट म्हणजे सुमारे एक हजार पट. घरी जी केंद्रे माझ्यासाठी अस्तित्वातच नव्हती ती तिथे शेजारी बसून बोलल्यासारखी ऐकू आली. परंतु हा फायदा केवळ माझ्या कानांना मिळतो, हे लक्षात यायला मला दोन फेऱ्या लागल्या. समोरचा माणूस त्याच्या शहरातील गोंगाटातच बसलेला असतो. त्यामुळे मी त्याला स्वच्छ ऐकतो आणि तो मला ऐकत नाही, असे वारंवार होते. अशा वेळी शक्ती वाढवण्यापेक्षा अँटेना सुधारणे, मोर्सवर (टिंब-रेषांच्या सांकेतिक भाषेवर) जाणे किंवा दुसरा बँड (वारंवारतांचा पट्टा) निवडणे अधिक उपयोगी पडते.

दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि या धाग्याचे कारणही तेच आहे. गोवा लहान आहे. एका सकाळी खाऱ्या पाण्याच्या काठावर, दुपारी जांभ्याच्या सड्यावर (सपाट कातळी पठारावर) आणि दुसऱ्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याशी तोच संच लावता येतो. राज्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे पाचवा हिस्सा संरक्षित आहे. एकच तार या तीन ठिकाणी तीन प्रकारे वागते आणि ते वागणे समजून घेतल्याशिवाय फिरते केंद्र चालत नाही. जगाचे चौकोन पाडून ठिकाण सांगण्याची जी पद्धत हॅम मंडळी वापरतात, तिच्यातही आपले लहानसे राज्य विभागले गेले आहे. ७४ अंश पूर्व रेखावृत्त गोव्यातून जाते, म्हणून पणजी एमके६५ मध्ये येते आणि मोले एमके७५ मध्ये. दक्षिणेकडे लोलये-पोळे भागात १५ अंश अक्षवृत्ताच्या खाली उतरलात की चौकोन एमके७४ होतो.

मोलेचा अनुभव थोडा विस्ताराने सांगतो. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे, त्यातील १०७ राष्ट्रीय उद्यानाचे. पूर्वेला घाटाची भिंत उभी असल्यामुळे १४४ मेगाहर्ट्झवरचा माझा हातातला संच तिथे जवळजवळ मुका झाला; त्या लहरी सरळ जातात आणि डोंगर त्यांना अडवतो. पहिल्या फेरीत मी ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना) शक्य तितका उंच बांधण्यासाठी दीड तास घालवला आणि तरीही शेजारच्या राज्यांतील केंद्रे क्षीणच राहिली. दुसऱ्या फेरीत बांबू लहान होते म्हणून तोच डायपोल जेमतेम चार मीटरवर राहिला, आणि सकाळी नऊच्या सुमारास पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद एकामागून एक आले. मोलेहून त्यांची हवाई अंतरे साधारण साडेतीनशे ते पाचशे किलोमीटर आहेत. कारण असे की, जमिनीलगतचा डायपोल आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकतो. आयनावरण (वातावरणाचा उंचावरचा विद्युतभारित भाग) ती छत्रीसारखी खाली परत पाठवते आणि डोंगराची भिंत मध्ये येतच नाही. लांबीसाठी १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की पूर्ण तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. तार थोडी लांब कापून जागेवर एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारा आकडा) पाहत छाटावी. ओल्या झाडीजवळ तिची जुळणी खालच्या वारंवारतेकडे सरकते.

आपल्यापैकी कोणी सड्यावरून किंवा किनाऱ्यावरून काम केले आहे का? जमिनीविषयी आपले अनुभव काय आहेत? वन खात्याच्या परवानगीविषयी आपण कसे बोलता? या तीन गोष्टींवर विशेष करून लिहावे, ही विनंती.

चिरेखाण

म्हादईकाठ बाब, धागा काढल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझे बालपण बार्देशमध्ये सड्याच्या काठावर गेले, त्यामुळे जमिनीच्या प्रश्नावर मी अधिकाराने बोलू शकतो.

जांभ्यात खुंटी जात नाही. परदेशी चलचित्रांत माणूस पायाने खुंटी दाबतो आणि खांब उभा करतो. आपल्या सड्यावर हातोड्याने ठोकली तरी ती वाकते आणि शिवाय कातळावर उगवणाऱ्या बारीक वनस्पतींची नासाडी होते. गाडी सोबत असेल तर खुंटीची गरजच नाही. लोखंडी पट्टीवर एक उभा पाइप वेल्डिंग करून घ्यावा, पट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावर गाडीचे मागचे चाक चढवावे आणि पाइपात बांबू किंवा फायबरची गळाची काठी घालावी. गाडीचे वजनच खांबाला धरून ठेवते. मी हे साधन आमच्या गावातील वेल्डरकडून करून घेतले आणि सात मीटरची काठी भर वाऱ्यातही हललेली नाही. गाडी पुढे-मागे घेण्यापूर्वी काठी उतरवण्याची आठवण राहावी म्हणून मी स्टिअरिंगला लाल फडके बांधतो.

विजेच्या दृष्टीनेही उन्हाळ्यातला कोरडा जांभा अतिशय कमी वाहक असतो. त्यावर उभा अँटेना लावून एखादीच तार जमिनीवर टाकली तर निम्म्याहून अधिक शक्ती दगड तापवण्यात जाते. निदान आठ तारा पसराव्यात, किंवा दोन तारा गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणाव्यात. वर उचललेल्या तारा कातळावर फार चांगले काम देतात. गाडीचे लोखंडी शरीर प्रतितार (जमिनीवरच्या तारांऐवजी अँटेनाची दुसरी बाजू) म्हणून वापरता येते, मात्र अँटेनाच्या चुंबकी बैठकीखाली रंग आणि धूळ असते हे विसरू नये.

याच्या नेमके उलटे खाऱ्या पाण्याचे. एकदा खाडीच्या बांधावर, पाण्यापासून दोन हातांवर, १४ मेगाहर्ट्झसाठी पाच मीटरची उभी तार लावली आणि संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकत असताना दहा वॉटवर युरोपातील केंद्रे एका हाकेत मिळाली. खारे पाणी ओल्या मातीपेक्षाही शेकडो पटींनी चांगले वाहक आहे. उभ्या अँटेनाची लहर त्यावरून अगदी कमी कोनात, क्षितिजाला लागून निघते. हाच अँटेना मी सड्यावर लावला तेव्हा तीच केंद्रे मला तीन-चार वेळा विचारत राहिली.

नवखी श्रोता

मी परवान्यासाठी अभ्यास करते आहे, म्हणून माझे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. आम्ही दोन कुटुंबे दोन गाड्यांतून नेत्रावळी आणि खोतीगावला जाणार आहोत. घाटात मोबाइल लागत नाही, म्हणून ऑनलाइन मिळणारे स्वस्त हातातले संच घेऊन दोन्ही गाड्यांत ठेवावेत, असे माझे दीर म्हणतात. हे योग्य आहे का? आणि बॅटरी किती मोठी लागते? गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर संच चालवता येणार नाही का?

म्हादईकाठ (धागाकर्ता)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. हॅम बँडवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा आणि ते संच तर पोलीस, विमानतळ, जहाजे अशा इतरांच्या वारंवारतांवरही प्रसारण करू शकतात. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला दुसरा विमानतळ आहे. नकळत झालेली चूकही येथे गंभीर ठरू शकते. दोन गाड्यांमधील साध्या बोलण्यासाठी भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे. त्याच पट्ट्यासाठी बनवलेले, कमी शक्तीचे आणि येथील मान्यता असलेले संच घ्यावेत. दिरांना हे माझ्या नावाने सांगितले तरी चालेल.

बॅटरीविषयी अधिक जाणकारांनी लिहावे.

सात मेगाहर्ट्झ

बॅटरीचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे प्रत्येकाला आपापला आकडा काढता येईल. वीस वॉटचा संच प्रसारणाच्या वेळी साधारण साडेचार अँपिअर घेतो आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर. हाका मारणे आणि उत्तरे ऐकणे धरून एक चतुर्थांश वेळ प्रसारणाचा मानला तर सरासरी दीड अँपिअर होते. बारा अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर आठ तास पुरते. मी सहा तास धरतो आणि त्याप्रमाणे निघतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी घ्यावी. ती वजनाला शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी भरते, अखेरपर्यंत तेरा व्होल्टच्या आसपास टिकून राहते आणि इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेत अधिक सुरक्षित असते. तरीसुद्धा एप्रिलमध्ये बंद गाडीच्या काचेखाली ती ठेवू नये.

लायटरच्या सॉकेटची तार बारीक असते आणि फ्यूज लहान. प्रसारण सुरू होताच व्होल्टेज खाली बसते आणि आवाज फाटतो. दुसरे असे की इंजिन सुरू असताना आल्टरनेटरची शिटी, इंधन पंपाची टकटक आणि प्रज्वलनाचे ठोके सगळे त्या तारेवाटे संचात येतात. म्हादईकाठ यांनी जंगलातील शांततेचे जे वर्णन केले आहे ती शांतता आपण स्वतःच्या गाडीसोबत घालवून बसतो. मी गाडी बंद करतो आणि डॅशबोर्डवरचा कॅमेरा, मोबाइलचा चार्जर हे सारे काढून ठेवतो. काही नव्या गाड्यांत चावी काढल्यावरही काही मिनिटे यंत्रणा जाग्या राहतात, त्या झोपेपर्यंत थांबावे लागते. सौर पट्टीचे स्वस्त नियंत्रक तर ७ मेगाहर्ट्झवर इतका गोंगाट करतात की ऐकण्याच्या वेळी पट्टी सोडवून ठेवणेच बरे.

काणकोणची वाट

मी हॅम नाही. निसर्ग निरीक्षणासाठी वीस वर्षे खोतीगाव आणि गालजीबागला जातो आहे, आणि हा धागा वाचताना मला जी चिंता वाटली ती मोकळेपणाने मांडतो. त्यामागे कोणाविषयीही राग नाही.

अभयारण्य हे मुळात माणसाच्या कामासाठी राखलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे प्रवेशच परवानगीने होतो. त्यात तुम्ही तारा ताणणार, झाडांवर दोऱ्या टाकणार, मोठ्याने हाका मारणार. बारीक काळी तार पक्ष्याला दिसत नाही. चोडणचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे; तिथे खारफुटीतून उठणाऱ्या थव्याच्या वाटेत वीस मीटरची तार असेल तर काय होईल? सत्तरीतील देवरायांत गावकरी पानसुद्धा विचारून तोडतात, राखणदाराची आण पाळतात. तिथल्या झाडावर दोरी फेकणे हा त्यांच्या श्रद्धेचाही प्रश्न आहे. आणि चिरेखाण यांनी किनाऱ्याचा उल्लेख केला म्हणून सांगतो : मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या हंगामात रात्री वाळूवर दिवे लावून बसणे सर्वथा अयोग्य आहे आणि किनाऱ्यावर गाडी नेणे तर गोव्यात कायद्यानेच वर्ज्य आहे.

माझ्या मते आपण सर्वांनी हद्दीबाहेरच, रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या सड्यावर बसून हा छंद जोपासावा.

म्हादईकाठ (धागाकर्ता)

आपण जे लिहिले त्यातील बहुतेक मला मान्य आहे आणि काही गोष्टी मी चुका करून शिकलो आहे, हे कबूल करतो. पहिल्या वर्षी एका प्रवेशनाक्यावर मी केवळ तिकीट काढून आत गेलो आणि वाहनतळावर बांबू उभा केला. पंधरा मिनिटांत दोन वनरक्षक आले. त्यांना ते साधन संशयास्पद वाटले आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. परवाना दाखवल्यावर ते नम्रपणे बोलले, पण सामान आवरून परत जावे लागले. त्यानंतर मी प्रत्येक वेळी आधी वनक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देतो. त्यात परवान्याची प्रत, संचाची शक्ती, बसण्याची नेमकी जागा, अँटेनाचे रेखाचित्र आणि निघण्याची वेळ लिहितो. दोनदा नकार मिळाला आणि तो मी मान्य केला. जिथे होकार मिळाला तिथे वाहनतळ किंवा माहिती केंद्रासमोरची मोकळी जागा मिळाली, आणि तीच आमच्या कामाला योग्य असते.

झाडावर दोरी टाकणे मी पूर्णपणे सोडले आहे. चाकाखालची पट्टी किंवा गाडीच्या टपाला बांधलेला बांबू एवढ्यावरच काम करतो. तारेला दर दोन मीटरवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधतो, कानाला हेडफोन लावतो आणि शक्य तेव्हा मोर्सवर काम करतो, म्हणजे तोंडातून शब्दही निघत नाही. चोडणला तर मी तारच लावली नाही. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलो, परवानगीने प्रवेशाजवळ गाडी उभी केली आणि टपावरच्या अर्ध्या मीटरच्या व्हिपवर (लवचिक उभ्या अँटेनावर) १४४ मेगाहर्ट्झचे काम केले. जमिनीच्या पातळीवरून त्या लहरींचे क्षितिज सहा-सात किलोमीटरच असते, तरी उंच इमारतींवरच्या मित्रांशी मिळून सात संपर्क झाले. दहा झाले नाहीत, आणि तिथे ते होण्यासाठी आणखी काही करण्याची माझी इच्छाही झाली नाही. ज्यांना उंचीचा लाभ घ्यायचा असेल त्यांना सांगतो : उंचीच्या मीटरचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणले की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजे ४०० मीटरच्या कड्यावरून ८२ किलोमीटर.

मात्र सर्व काम हद्दीबाहेरच व्हावे, या मताशी मी सहमत नाही. वाहनतळावर तासभर शांत बसणारा माणूस तिथे येणाऱ्या सहलीच्या बसपेक्षा जास्त उपद्रव करत नाही. जगातल्या दहा अनोळखी माणसांना त्या दिवशी म्हादई किंवा नेत्रावळी हे नाव कळते. बहुतेक जण पुन्हा विचारतात, काही जण नकाशा उघडून पाहतात. हंगेरीच्या एका गृहस्थांनी मला नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीविषयी पत्र लिहून विचारले. ही गोष्ट मला मोलाची वाटते.

काणकोणची वाट

चोडणविषयी आपण जे केलेत त्याबद्दल आदर वाटतो. वाहनतळ आणि लेखी परवानगी एवढ्या मर्यादेत माझा आक्षेप राहत नाही. चोडणसारख्या लहान क्षेत्रांत आणि विणीच्या काळात मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

सात मेगाहर्ट्झ

वेळेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. डोंगराच्या पायथ्याशी बसणाऱ्यांनी ७ मेगाहर्ट्झवर सकाळी साडेसात ते दहा ही वेळ साधावी. भर दुपारी आयनावरणाचा खालचा ‘डी’ थर त्या लहरी शोषून घेतो आणि तुम्ही कितीही हाका मारल्या तरी जवळचीच केंद्रे मिळतात. दुपारी १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झकडे वळावे. सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराचे जे चक्र चालू आहे, त्या सौरचक्र २५ चा परमोच्च काळ २०२४ च्या सुमारास आला आणि त्यानंतरही हे वरचे बँड पुष्कळ उघडे राहिले आहेत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या अक्षांशाची आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताच्या टोकाजवळून जाते. थुंबा येथे १९६३ मध्ये अग्निबाण प्रक्षेपण केंद्र त्याच कारणाने उभे राहिले. त्यामुळे सूर्यास्तानंतर आपल्याकडे आयनावरणाचा वरचा थर खवळतो आणि दूरच्या केंद्रांचा आवाज पाण्याखालून यावा तसा थरथरतो. नवे लोक अशा वेळी संच बिघडला असे समजून जोडण्या तपासत बसतात. संच ठीक असतो. दीड-दोन तास थांबावे किंवा मोर्सवर हळू वेगाने काम करावे.

ज्यांना दहाचा आकडा पूर्ण करण्यास अडचण येते त्यांनी उपग्रहांचाही विचार करावा. जमिनीवरच्या रिपीटरमार्फत (ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रामार्फत) झालेले संपर्क पार्क्सच्या कार्यक्रमात धरत नाहीत, उपग्रहामार्फत झालेले धरतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील रिपीटर सुरू असतो तेव्हा १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलून ४३७.८०० वर ऐकायचे असते. जंगलात मात्र आकाश मोकळे असलेली जागा हवी आणि स्थानक फार तर दहा मिनिटेच वर असते. भारताने स्वतः २००५ साली हॅमसॅट नावाचा उपग्रह याच छंदासाठी सोडला होता. त्यावरून गोव्यातून केलेला माझा पहिला संपर्क मी अजून जपून ठेवला आहे.

नवखी श्रोता

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल आभार. दिरांना ४४६ मेगाहर्ट्झचे सांगितले, ते मान्य झाले. आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाण्याचे ठरवत आहोत. हवामानाच्या दृष्टीने ही वेळ चालेल का?

म्हादईकाठ (धागाकर्ता)

ताई, शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. मेच्या अखेरीस दुपारनंतर घाटाकडून वळवाचे ढग येतात. विजेचा कडकडाट कानाने ऐकू येण्याआधी संचात ऐकू येतो. खरखर अचानक तुटक आणि जोरदार झाली की मी तार संचातून सोडवतो, काठी उतरवतो आणि गाडीत काचा लावून बसतो. ढग डोक्यावर आल्यावर काठीला हात लावू नये, तिला आहे तिथे सोडून द्यावे. पावसाळ्यात कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या बंद असतात आणि जंगलातील वाटा निसरड्या होतात. त्या चार महिन्यांत मी घरी जोडण्या उघडून गंज काढतो, कारण आपल्या खाऱ्या हवेत उघडी तांब्याची तार एका हंगामात हिरवी पडते. जोडांवर सिलिकॉन ग्रीस लावून स्वतः जुळणारी रबरी पट्टी गुंडाळली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

सत्तरी भागात जाणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. २०१५ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार गोचिडींमुळे होतो. साधारण जानेवारी ते मे हा त्याचा काळ. पालापाचोळ्यात बसू नये, तारा जमिनीवरून गुंडाळून घेताना हात-पाय झाकलेले असावेत, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. माझी पत्नी या बाबतीत माझ्याहून दक्ष आहे. गुंडाळण्यापूर्वी ती मला तार झटकून घ्यायला लावते.

येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी परवानगी मिळाल्यास मी खोतीगावला असेन. तिथल्या वन खात्याच्या कुटिरात आदल्या रात्री मुक्काम करण्याचा विचार आहे. मुक्काम मिळाला तर पहाटे पाच ते साडेपाच आणि साडेपाचनंतर, असे दोन वेगवेगळे दिवस एकाच बैठकीत मिळतील. गोव्यात हे मला अजून साधलेले नाही. चार मीटरवरचा डायपोल, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, जागा मोकळी असेल तशी. चिरेखाण बाब, आपण त्या वेळी सड्यावर असाल तर कृपया कळवा. आपल्यातील अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरचे भरेल आणि मध्ये डोंगर आहेत, म्हणून खालच्या डायपोलची परीक्षा त्यानेच होईल.

चिरेखाण

असेन. मीही डायपोल चार मीटरवर ठेवतो. वर उचललेल्या तारांचा उभा अँटेनाही सोबत लावून ठेवतो, म्हणजे दोन्हींवर आपला आवाज किती एस-युनिटने बदलतो ते लिहून घेता येईल.

नवखी श्रोता

आम्ही सहल डिसेंबरवर ढकलली आहे. माझ्याकडे ऐकण्यापुरता एक रिसीव्हर आहे. त्या पहाटे फोंड्याच्या घरातून ऐकेन आणि दोघांचे काय ऐकू आले, किती वाजता ऐकू आले, ते येथे नोंदवेन.

म्हादईकाठ (धागाकर्ता)

अवश्य नोंदवा, आणि ऐकू आले नाही तर तेही वेळेसह लिहा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहावी. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे.